स्मार्ट टीव्ही, कॅमेरा, बल्ब: घरातली उपकरणं इंटरनेटवर कोणाशी बोलतात, हे कसं तपासायचं?

तुमच्या घरच्या वायफायला आत्ता किती उपकरणं जोडलेली आहेत? मोबाइल आणि लॅपटॉप पटकन आठवतात. मग टीव्ही, फायर स्टिक, अलेक्सा, दारावरचा कॅमेरा, बेडरूममधला रंग बदलणारा बल्ब, गीझरला लावलेला स्मार्ट प्लग... साध्या टू बीएचकेमध्येही हा आकडा सहज दहा-पंधराच्या घरात जातो.

मोबाइलमधलं अ‍ॅप मायक्रोफोन वापरण्याआधी निदान एकदा परवानगी मागतं. टीव्ही किंवा कॅमेरा तसं रोज विचारत नाही. सेटअपच्या दिवशी आपण 'आय अ‍ॅग्री' दाबतो आणि त्यानंतर ते उपकरण वर्षानुवर्षं काय पाठवतं, कोणाला पाठवतं, हे बघायला कोणी जात नाही. ते बघता येतं का? हो, बऱ्याच अंशी येतं आणि त्यासाठी हॅकर असण्याची गरज नाही. या लेखात आपण सोप्या पद्धतीपासून सुरुवात करून हळूहळू खोलात जाऊ. शेवटी, काही गडबड सापडली तर काय करायचं तेही पाहू.

आधी हे समजून घ्या: काय दिसतं आणि काय दिसत नाही

सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे एक रजिस्टर असतं. कोण आलं, कोणत्या फ्लॅटमध्ये गेलं, किती वाजता आलं आणि कधी बाहेर पडलं, हे त्यात लिहिलेलं असतं. फ्लॅटमध्ये काय बोलणं झालं ते त्यात नसतं. नेटवर्क मॉनिटरिंग म्हणजे असंच एक रजिस्टर.

आजकालची बहुतेक उपकरणं आपला डेटा एन्क्रिप्ट करून पाठवतात. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण त्यामुळे मधला कोणी तो वाचू शकत नाही. पण मग तो तुम्हालाही वाचता येत नाही. तरीही चार गोष्टी दिसतात:

- कोणाशी: उपकरणाने कोणत्या डोमेनचा पत्ता विचारला आणि कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसशी कनेक्शन केलं.
- कधी: दिवसा, रात्री, की तुम्ही बटण दाबल्यावरच.
- किती: किती डेटा वर गेला आणि किती खाली आला.
- कसं: एन्क्रिप्ट करून, की उघड्यावर.

एवढ्याने काय कळणार, असं वाटेल. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार उपकरणांवर नेमकं हेच तपासलं: झोप मोजणारं एक यंत्र, नेस्ट कॅमेरा, वीमो स्विच आणि अ‍ॅमेझॉन एको. सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला असूनही फक्त कमी-जास्त होणाऱ्या ट्रॅफिकवरून माणूस झोपला कधी, कॅमेऱ्यासमोर हालचाल कधी झाली, स्विच कधी दाबला गेला, हे ओळखता आलं. म्हणजे मजकूर वाचता आला नाही तरी पॅटर्न बरंच काही सांगतो. आपण हाच पॅटर्न आपल्या बाजूने वापरणार आहोत.

तपासायची गरज खरंच आहे का?

काही घटना बघा.

२०१३, एलजी टीव्ही. ब्रिटनमधल्या एका ब्लॉगरने आपल्या टीव्हीचं ट्रॅफिक तपासलं. कोणता चॅनल लावला ही माहिती टीव्ही बाहेर पाठवत होता. सेटिंगमधून ते बंद केल्यावरही पाठवणं चालूच होतं. त्याने पेनड्राइव्ह लावला, तर त्यातल्या फाइल्सची नावंसुद्धा एन्क्रिप्शनशिवाय बाहेर जात होती. प्रकरण गाजल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट दिलं. हे सगळं एका माणसाने घरी बसून शोधलं होतं.

२०१६, मिराई. या मालवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले आयपी कॅमेरे आणि डीव्हीआर शोधले. कंपनीने दिलेले युजरनेम-पासवर्ड वापरून त्यात शिरकाव केला आणि या उपकरणांची एक फौज उभी केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या साइट्स कित्येकांना काही तास उघडता आल्या नाहीत. ज्यांचे कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले, त्यांना पत्ताही नव्हता. कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता.

२०१७, विझिओ टीव्ही. स्क्रीनवर काय चाललंय हे सेकंदासेकंदाला ओळखून ती माहिती परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल या कंपनीला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरावे लागले. अशा टीव्हींची संख्या होती सुमारे १ कोटी १० लाख.

या तंत्राला एसीआर म्हणतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्राचा किंवा आवाजाचा ठसा काढायचा आणि सर्व्हरवरच्या यादीशी जुळवायचा. २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींचं ट्रॅफिक तपासलं. एचडीएमआयने लॅपटॉप जोडून टीव्हीचा फक्त मॉनिटर म्हणून वापर केला, तरीही एसीआरचं ट्रॅफिक जात होतं. दिलासा देणारी गोष्ट अशी की सेटिंगमधून एसीआर बंद केल्यावर ते ट्रॅफिक खरंच थांबलं. कंपनी दिलेला शब्द पाळते की नाही, हे बाहेरून तपासता येतं, हा यातला महत्त्वाचा धडा.

आणि आपल्याकडचं उदाहरण: फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयाचं सीसीटीव्ही फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. म्हणजे धोका फक्त कंपन्यांकडून नसतो. तिसराच कोणीतरी तुमच्या कॅमेऱ्यातून बघत असू शकतो.

पायरी १: हजेरी घ्या

वेळ: १५ मिनिटं. लागणारं सामान: फोन.

राउटरच्या मागच्या स्टिकरवर लॉगिनचा पत्ता असतो. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. जिओफायबरच्या राउटरवर सहसा १९२.१६८.२९.१ असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाका, लॉगिन करा आणि 'कनेक्टेड डिव्हायसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट्स' अशा नावाचं पान शोधा. राउटरमध्ये शिरायचं नसेल तर फिंग हे अ‍ॅप नेटवर्क स्कॅन करून तशीच यादी देतं.

आता एकेक नाव ओळखायचं. इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण यादीत 'एस्प्रेसिफ' नावाचं काहीतरी दिसतं आणि कोणीतरी आपलं वायफाय चोरतंय असं वाटतं. एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी आहे आणि तिच्या स्वस्त वायफाय चिप्स असंख्य बल्ब, प्लग आणि स्विचमध्ये असतात. यादीतलं नाव उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या पहिल्या अर्ध्या भागावरून काढलेलं असतं. तो भाग वायफाय चिप किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा असतो, खोक्यावरच्या ब्रँडचा असेलच असं नाही.

ओळख पटत नसेल तर सरळ उपाय: एकेक उपकरण प्लगमधून काढा आणि यादीतून कोण गायब होतं ते बघा. ओळखलेल्या प्रत्येकाला 'हॉल बल्ब', 'बाबांचा फोन' असं नाव देऊन ठेवा. फोन दर नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक अ‍ॅड्रेस वापरतात, त्यामुळे अनोळखी नाव म्हणजे घरच्याच कोणाचा फोनही असू शकतो.

याच बैठकीत राउटरमधलं 'यूपीएनपी' पानही बघा. या सोयीमुळे घरातलं उपकरण तुम्हाला न विचारता राउटरला सांगू शकतं की बाहेरून येणाऱ्यांसाठी माझं दार उघडून ठेव. यादीत कॅमेरा किंवा डीव्हीआर दिसला तर ते दार कशासाठी उघडलंय ते शोधा. गरज नसेल तर यूपीएनपी बंद करा. काही ऑनलाइन गेम्सना ते लागतं, त्यामुळे बंद केल्यावर भावाने आरडाओरडा केला तर कारण माहीत असू द्या.

पायरी २: डीएनएसचा लॉग ठेवा

वेळ: एक संध्याकाळ. लागणारं सामान: रास्पबेरी पाय किंवा कायम चालू ठेवता येईल असा जुना लॅपटॉप.

कोणत्याही सर्व्हरशी बोलण्याआधी उपकरण साधारणपणे डीएनएसला त्याचा पत्ता विचारतं. हे प्रश्न जिथून जातात तिथे आपण नोंद ठेवली की रजिस्टर तयार. यासाठी पाय-होल आणि अ‍ॅडगार्ड होम हे दोन मोफत प्रोग्राम लोकप्रिय आहेत. काम असं करायचं:

१. जुन्या लॅपटॉपवर किंवा पायवर यापैकी एक इन्स्टॉल करा. दोघांचंही सगळं काम ब्राउझरमधून दिसतं.

२. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी पक्का करून टाका, म्हणजे तो रोज बदलणार नाही.

३. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून त्या मशीनचा आयपी द्या.

४. सगळी उपकरणं एकदा बंद करून चालू करा.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये तिसरी पायरी करू देत नाहीत. अशा वेळी राउटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होममधलं डीएचसीपी चालू करता येतं, पण विंडोजवरच्या अ‍ॅडगार्ड होममध्ये ही सोय नाही, त्यासाठी लिनक्स लागतं. अजून एक अडचण आयपीव्ही६ची. राउटर आयपीव्ही६वरून स्वतःचा डीएनएस वाटत असेल तर काही प्रश्न तुमच्या मशीनला वळसा घालून जातात आणि लॉग अर्धवट दिसतो.

नेक्स्टडीएनएससारखी ऑनलाइन सेवाही आहे, महिन्याला ३ लाख प्रश्नांपर्यंत मोफत. सेटअप सोपा आहे, पण राउटरवर ती लावली तर सगळ्या घराचे प्रश्न एकत्र दिसतात, टीव्हीचे कोणते आणि फोनचे कोणते ते कळत नाही. आपल्याला नेमकं तेच हवं आहे, म्हणून घरातलं मशीन जास्त उपयोगी.

लॉग वाचताना:

- पहिले दोन-तीन दिवस काहीही ब्लॉक करू नका. आधी 'नॉर्मल' काय आहे ते कळू द्या.
- वेळ जुळवणारे सर्व्हर आणि अपडेट तपासणारे सर्व्हर सगळ्याच उपकरणांच्या यादीत दिसतात. त्यात वावगं काही नाही.
- अनेक ब्रँडचे बल्ब आणि प्लग तुया या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर चालतात. खोक्यावर देशी नाव असलं तरी लॉगमध्ये तुया दिसू शकतं. तेही अपेक्षित आहे, पण तुमचा डेटा खोक्यावर नाव नसलेल्या एका कंपनीकडेही जातोय हे त्यातून कळतं.
- टीव्हीच्या यादीत नावात 'एसीआर' असलेलं डोमेन दिसलं, तर ते काय ते आता तुम्हाला माहीत आहे. एलजीच्या टीव्हीत अल्फोन्सो नाव दिसलं तर त्याचा हापूसशी संबंध नाही. एसीआर आणि जाहिरातींचं काम करणारी ती कंपनी एलजीने २०२१ मध्ये घेतली.
- प्रश्नांची संख्या म्हणजे डेटाचं प्रमाण नव्हे. एखादं डोमेन ब्लॉक केलं की उपकरण पुन्हा पुन्हा विचारत राहतं आणि आकडा हजारोंत जातो. एक बाइटही बाहेर गेलेला नसतो.

आणि एक पळवाट: काही उपकरणं राउटरने सांगितलेला डीएनएस वापरतच नाहीत. क्रोमकास्टसारखी गूगलची उपकरणं गूगलचाच ८.८.८.८ वापरतात म्हणून प्रसिद्ध आहेत. डीएनएस एन्क्रिप्ट करून पाठवणारंही एखादं असतं. त्यामुळे लॉगमध्ये उपकरण अगदीच शांत दिसत असेल तर ते गुणी आहे असं लगेच धरू नका. पुढची पायरी करा.

पायरी ३: वायरशार्कने एका उपकरणावर लक्ष ठेवा

वेळ: एक रविवार. लागणारं सामान: विंडोज लॅपटॉप.

वायरशार्क हा नेटवर्कमधलं प्रत्येक पॅकेट दाखवणारा मोफत प्रोग्राम आहे. नवखे लोक तो लॅपटॉपवर टाकतात, चालू करतात आणि मग टीव्हीचं काहीच का दिसत नाही म्हणून गोंधळतात. कारण साधं आहे. टीव्हीचा डेटा टीव्हीकडून राउटरकडे जातो, तुमच्या लॅपटॉपमधून जात नाही. वायफायवर प्रत्येक उपकरणाची एन्क्रिप्शनची किल्लीही वेगळी असते.

म्हणून डेटा लॅपटॉपमधूनच जाईल अशी व्यवस्था करायची:

१. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' चालू करा आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. स्वस्त बल्ब आणि प्लग ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत.

२. तपासायचं उपकरण या हॉटस्पॉटला जोडा. बल्ब किंवा कॅमेऱ्याला त्याच्या अ‍ॅपमधून पुन्हा सेटअप करावं लागेल.

३. वायरशार्कमध्ये हॉटस्पॉटचा अ‍ॅडॉप्टर निवडा. त्याचं नाव सहसा 'लोकल एरिया कनेक्शन' आणि पुढे आकडा असं असतं. ज्याच्या रेषेत हालचाल दिसते तो.

४. किमान तासभर चालू ठेवा, मग 'स्टॅटिस्टिक्स' मेनूतलं 'कॉन्व्हर्सेशन्स' उघडा. कोणत्या आयपीशी किती बाइट गेले-आले याचा तक्ता समोर येतो. त्याच मेनूतला 'आयओ ग्राफ' वेळेनुसार चढउतार दाखवतो.

एन्क्रिप्टेड कनेक्शन सुरू होताना सर्व्हरचं नाव बहुतेक वेळा अजूनही उघडंच जातं. त्यामुळे डीएनएस लपवणाऱ्या उपकरणाचं बिंगही इथे फुटतं.

आता नुसतं बघत बसू नका, प्रयोग करा. एकेक गोष्ट करा, वेळ लिहून ठेवा आणि ग्राफशी जुळवा:

- दहा मिनिटं उपकरणाला हात लावू नका.
- कॅमेऱ्यासमोरून चालत जा. मग फोनवर लाइव्ह बघा, मग अ‍ॅप बंद करा. अ‍ॅप बंद केल्यावर अपलोड थांबलं का?
- स्मार्ट स्पीकरशेजारी पाच मिनिटं गप्पा मारा, पण त्याचं नाव घेऊ नका. मग नाव घेऊन प्रश्न विचारा. मग म्यूट दाबून विचारा.
- टीव्हीवर एसीआर चालू असताना अर्धा तास आणि बंद करून अर्धा तास बघा.
- सेटिंगमधून 'प्रायव्हसी मोड' असलेला कॅमेरा त्या मोडमध्ये टाका.

आकडे कसे वाचायचे?

इथे थोडं गणित कामाला येतं. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने कॅमेरा सतत व्हिडिओ पाठवत असेल तर तासाला ४५० एमबी, दिवसाला १०.८ जीबी आणि ३० दिवसांत ३२४ जीबी होतात. बऱ्याच फायबर प्लॅनची मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी असते. म्हणजे एक कॅमेरा महिनाभर अखंड व्हिडिओ बाहेर पाठवत राहिला तरी प्लॅनचा दहावा भागही संपत नाही. नेट स्लो होत नाही, बिल वाढत नाही, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

आवाज खूप कमी जागेत बसतो. सेकंदाला ३२ किलोबिटने दिवसभर पाठवला तर सुमारे ३४५ एमबी होतात. अगदी दाबून ८ किलोबिटवर आणला तरी ८६ एमबी. 'अलेक्सा सतत सगळं ऐकून पाठवते का?' या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे तुम्ही स्वतः मोजू शकता. दिवसभर शांत असताना अपलोड काही एमबीच असेल आणि नाव घेतल्यावरच उसळी दिसत असेल, तर आवाज सतत जात नाही.

मग काय ठीक आणि काय संशयास्पद?

- बल्ब, प्लग: ठरावीक अंतराने अगदी छोटी पॅकेट्स जाणं ठीक. 'मी जिवंत आहे' एवढंच ते सर्व्हरला सांगत असतात. दिवसाला शेकडो एमबी अपलोड असेल तर मोठा प्रश्न आहे.
- कॅमेरा: मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग, क्लाउड प्लॅन नाही आणि कोणी लाइव्ह बघत नाही, अशा वेळी अपलोड किरकोळ हवं. तरीही रोज काही जीबी वर जात असतील तर कोणीतरी बघतंय किंवा काहीतरी साठवलं जातंय.
- टीव्ही: ओटीटी बघताना डाउनलोड भरपूर असणारच. लक्ष अपलोडवर ठेवा, विशेषतः सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप जोडून बघताना. ठरावीक सेकंदांनी येणारी टोकं दिसली तर एसीआरचा संशय घ्या.
- डीव्हीआर किंवा कोणतंही उपकरण: ते भराभर वेगवेगळ्या अनोळखी आयपींच्या २३ नंबरच्या पोर्टवर धडका मारत असेल, तर मिराईच्या जातीतला संसर्ग असू शकतो. लगेच नेटपासून तोडा.

गडबड सापडली तर?

ओळीने हे करा आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मोजा.

१. सेटिंग बंद करा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' अशी निरागस नावं असतात. जाहिरातींसाठीची परवानगी वेगळी असते, तीही काढा.

२. पासवर्ड बदला आणि अपडेट करा. फक्त रीस्टार्ट पुरत नाही. मिराई उपकरणाच्या मेमरीतच राहायचा, रीस्टार्ट केल्यावर जायचा, पण पासवर्ड जुनाच असेल तर पुन्हा आत यायचा.

३. कॅमेरा कोणाच्या अकाउंटवर आहे ते बघा. गल्लीतल्या सीसीटीव्हीवाल्याने सेटअप करताना स्वतःच्या ईमेलवर किंवा फोनवर जोडणी केली आणि तशीच राहिली, हे सर्रास घडतं. हेतू वाईट असेलच असं नाही, पण तुमच्या हॉलचं चित्र त्याच्या फोनवर दिसायला नको. उपकरण फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या अकाउंटवर घ्या आणि 'शेअर्ड युजर्स'ची यादी तपासा.

४. गेस्ट नेटवर्कवर टाका. राउटरमध्ये गेस्ट वायफाय असेल तर सगळी स्मार्ट उपकरणं तिकडे हलवा. त्यातलं एखादं बिघडलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणं अवघड होतं. तोटा इतकाच की फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं बंद पडू शकतं.

५. डोमेन ब्लॉक करा. एका वेळी एकच. एकदम दहा ब्लॉक केले आणि टीव्ही बंद पडला, तर कशामुळे ते कळणार नाही आणि घरच्यांचा या सगळ्या प्रकारावरचा विश्वास उडेल.

६. नेटच काढून घ्या. टीव्हीला फायर स्टिक असेल तर टीव्हीला स्वतःचं वायफाय कशाला? स्टिकचं ट्रॅफिक मग वेगळं तपासा.

नवीन घेताना एक लक्षात ठेवा: भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सरकारने ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. त्याआधीचा जुना स्टॉक खूप स्वस्तात मिळत असेल तर दोनदा विचार करा.

या पद्धतीच्या मर्यादा

डेटा तुमच्या घरातून बाहेर पडेपर्यंतच तुम्हाला दिसतो. सर्व्हरवर पोहोचल्यावर त्याचं काय होतं ते कोणतंही टूल दाखवू शकत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये रिंग या अ‍ॅमेझॉनच्या कॅमेरा कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. आरोप होता की कर्मचारी ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघू शकत होते. अशा ग्राहकाने घरी वायरशार्क लावला असता तरी त्याला सगळं नॉर्मलच दिसलं असतं. म्हणून बेडरूममध्ये क्लाउडला जोडलेला कॅमेरा लावू नये, हा सल्ला कुठल्याही मॉनिटरिंगपेक्षा मोठा आहे.

आणि घरच्यांचं काय?

डीएनएसचा लॉग चालू केलात की टीव्हीबरोबर आईचा, बहिणीचा, रूममेटचा फोन कोणत्या साइटवर गेला तेही तुम्हाला दिसायला लागतं. कोणी कुठे नोकरी शोधतंय, कोणाला कोणत्या आजाराची काळजी आहे, हे डोमेनच्या नावावरून कळू शकतं. कंपनी आपल्यावर नजर ठेवते म्हणून हे सुरू करायचं आणि घरात तेच काम आपण करायचं, असं व्हायला नको. म्हणून आधी घरात सांगा. लोकांचे फोन आणि लॅपटॉप लॉगमधून वगळा. दोन्ही प्रोग्राममध्ये तशी सोय आहे. तपासणी झाली की लॉग पुसून टाका. आणि हे फक्त स्वतःच्या घरात. हॉस्टेल, पीजी, ऑफिस किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर परवानगीशिवाय असे प्रयोग केलेत तर आयटी कायद्याखाली अडचणीत याल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे. काही करता येईल?
हो. पायरी १ पूर्ण करता येते. शिवाय पीकॅपड्रॉइड हे मोफत अ‍ॅप रूट न करता दाखवतं की तुमच्या फोनमधलं कॅमेऱ्याचं किंवा बल्बचं अ‍ॅप कोणाशी बोलतंय. बरेचदा बल्बपेक्षा त्याचं अ‍ॅपच जास्त बोलकं निघतं.

फोनवर व्हीपीएन लावलं तर ही उपकरणं सुरक्षित होतात का?
नाही. फोनवरचं व्हीपीएन फक्त फोनसाठी असतं. टीव्ही आणि कॅमेरा आपल्या नेहमीच्याच वाटेने जातात.

आयपी शोधला तर परदेशातला निघाला. घाबरायचं का?
लगेच नाही. आयपीवरून काढलेलं ठिकाण अनेकदा चुकीचं असतं आणि कित्येक कंपन्या अ‍ॅमेझॉन किंवा गूगलचे भाड्याचे सर्व्हर वापरतात. सर्व्हर कुठे आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, किती डेटा जातोय आणि त्या उपकरणाच्या कामाला तो लागतो का, हे प्रश्न महत्त्वाचे.

थोडक्यात

आज रात्री फक्त पायरी १ करा: यादी काढा, प्रत्येक उपकरण ओळखा, कॅमेऱ्याचा पासवर्ड आणि शेअर्ड युजर्स तपासा. पुढच्या सुट्टीत डीएनएसचा लॉग लावा. घरात कॅमेरा किंवा मायक्रोफोन असलेलं जे उपकरण आहे, त्याच्यासाठी एकदा तरी वायरशार्कचा रविवार काढा. अपडेट आलं की सेटिंग कधी कधी पुन्हा चालू होतात, त्यामुळे दर चार-सहा महिन्यांनी एकदा पुन्हा मोजा. यादीतलं एखादं उपकरण काय करतंय हे कळतच नसेल आणि त्याच्यावाचून तुमचं अडतही नसेल, तर ते प्लगमधून काढून ठेवा.